हिरवळ अंथरण्यापूर्वी टेप हातात घ्या

नवे घर बांधून झाले, रंग लागला, वास्तुशांत आटोपली की समोरच्या मोकळ्या जागेकडे लक्ष जाते. ‘इथं छानशी हिरवळ हवी,’ असे घरात सगळ्यांनाच वाटते. मग रोपवाटिकेचा माणूस येतो, पावलांनी जागा मोजतो आणि म्हणतो, ‘ताई, पाचशे फूट लागेल.’ आपण मान हलवतो. मैत्रिणींनो, इथे जरा थांबावे. हिरवळीच्या तयार लाद्या चौरस फुटाच्या दराने घ्याव्या लागतात, आणि त्या अंथरल्यावर रोज पाणी घालणारे हात बहुतेक घरांत आपलेच असतात. तेव्हा हिशेबही आपणच करावा.

जागेची मोजणी

‘हे क्षेत्रफळ पुढं कुठं लागतं हो बाई?’ असे वर्गातल्या मुली नेहमी विचारतात. ते इथे लागते. आमच्या ओळखीच्या एका वहिनींचे अंगण २५ फूट लांब आणि २० फूट रुंद, म्हणजे ५०० चौरस फूट. त्यातून फाटकापासून पायरीपर्यंतची ३ फूट रुंदीची पायवाट वजा करा : २० गुणिले ३, म्हणजे ६०. आंब्याभोवतीची गोल जागा मध्यापासून कडेपर्यंत ५ फूट. पाच पंचे पंचवीस, त्याला ३.१४ ने गुणले की जवळजवळ ८०. राहिले ३६० चौरस फूट.

कडेला कापताना थोड्या लाद्या वाया जातात. कडा सरळ असतील तर शेकडा ५ आणि गोल, वाकड्या असतील तर शेकडा १० जास्त धरावे. वहिनींचा आकडा आला ४०० च्या आत. पावलांनी मोजलेले १०० फूट टेपने वाचवले!

पाण्याची मोजणी

पण खरी मोजणी पुढेच आहे. कडक उन्हाळ्यात हिरवळीला दर चौरस मीटरला रोज साधारण ५ लिटर पाणी धरावे. एक चौरस मीटर म्हणजे पावणेअकरा चौरस फूट. त्या हिशेबाने ३६० फुटांना रोज १६५ लिटर, म्हणजे १५ लिटरच्या ११ बादल्या. नळाला एक दिवसाआड पाणी येत असेल तर दोन दिवसांच्या २२ बादल्या साठवणार कुठे?

वहिनींच्या यजमानांना हे पटेना. ‘एवढा प्लॉट घेतला आणि हिरवळ रुमालाएवढी?’ वहिनींनी शांतपणे कागद पुढे केला. ‘मे महिन्यात अकरा बादल्या कोण ओतणार ते सांगा, उद्याच ऑर्डर देते.’ शेवटी १२ फूट बाय १२ फुटांचा चौकोन ठरला. १४४ चौरस फूट, रोज साडेचार बादल्या. उरलेल्या जागेत शहाबादी फरशी, मोगरा आणि अबोली. २ फूट बाय १ फुटाच्या लाद्या होत्या, म्हणून शेकडा ५ जास्त धरून ७६ मागवल्या. लादीचा आकार सगळीकडे सारखा नसतो. तो विचारून मगच भागाकार करावा.

गवत कोणते?

गणपतीला वाहतो त्या दूर्वा म्हणजेच हरळी. ऊन आणि पायाखालचे तुडवणे ती चांगले सोसते, पाण्याची थोडी ओढही सहन करते. मात्र सावलीत विरळ होते आणि फुलांच्या वाफ्यात शिरते. गालिच्यासारखे दाट दिसणारे कोरियन गवत सुंदर खरे, पण हळू वाढते आणि पुढे त्याला उंचवटे येतात. पैशांची ओढ असेल तर हरळीच्या मुळ्या ३-४ इंचांवर लावाव्या. जमीन झाकायला दोन-तीन महिने लागतात, पण खर्च पुष्कळच कमी.

जमिनीची तयारी

पावसाचे एक-दोन चांगले सडाके झाले की लाद्या अंथरायला वेळ उत्तम. त्याआधी जमीन ९ इंच खणून विटांचे तुकडे, सिमेंटचे गोळे, खडी काढून टाकावी. एकदा पाणी देऊन दोन-तीन आठवडे थांबावे. जो लव्हाळा उगवेल तो गाठींसकट खणून काढावा; वरवर उपटला तर पुन्हा येतोच. मग ३ इंच चांगल्या मातीचा आणि १ इंच चांगल्या कुजलेल्या शेणखताचा थर मिसळावा. १४४ फुटांना माती ३६ घनफूट लागते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट, तेव्हा पाऊण ट्रक कोणी सांगितला तर हसून नाही म्हणावे!

जमीन घराकडून बाहेर उतरती ठेवावी. दर ५ फुटांना १ इंच उतार पुरतो. मातीची पातळी पायवाटेपेक्षा लादीच्या जाडीइतकी खाली हवी. कोपरा काटकोनात आहे की नाही ते दोरीने पाहावे : एका बाजूला ३ फूट, दुसरीला ४ फुटांवर खूण, दोन खुणांमधले अंतर बरोबर ५ फूट आले की कोपरा सरळ.

अंथरताना

लाद्या आणल्या त्याच दिवशी लावाव्या. तोवर सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवाव्या. ढीग करून ठेवल्या तर आतून तापून पिवळ्या पडतात. पायवाटेच्या सरळ कडेपासून सुरुवात करावी आणि विटांच्या थरासारखे सांधे मोडत जावे. फट नको, एकावर एक चढवणेही नको. उभे राहायला फळी टाकावी. सांध्यांत चाळलेली माती व वाळू भरून, दाबून, लगेच भरपूर पाणी द्यावे. एक कोपरा उचलून पाहावा. खालची माती ओली झाली असेल तरच पाणी पुरले.

पहिले दोन आठवडे मुलांना त्यावर खेळू देऊ नये. कोपरा हलकेच ओढल्यावर उचलला गेला नाही की मूळ धरले असे समजावे. गवत ३ इंच झाले की पहिली कापणी, तीही फक्त एक तृतीयांश. उन्हाळ्यात गवत जरा उंचच ठेवावे, मुळे सावलीत राहतात. आणि पाणी सकाळी लवकर द्यावे, म्हणजे थोड्या पाण्यात भागते.