आउटबॅकमध्ये रेंज मिळते का? 99.7 टक्क्यांमागचं गणित

गाडीमागे कॅरॅव्हॅन जोडून महिनाभर भटकायचं, हे ऑस्ट्रेलियन लोकांचं जुनं वेड. आता तिथे शिकायला किंवा नोकरीला गेलेली आपली मंडळीही भाड्याची कॅम्परव्हॅन घेऊन ॲडलेड ते डार्विन निघतात. निघताना घरून एकच प्रश्न येतो: फोन लागेल ना?

टेल्स्ट्रा ही तिथली सर्वात मोठी मोबाइल कंपनी सांगते की, तिचं नेटवर्क 99.7 टक्के लोकसंख्येपर्यंत पोहोचतं. ऐकायला भारी वाटतं. पण हा आकडा लोकांचा आहे, जमिनीचा नाही.

गणित काय आहे?

ऑस्ट्रेलिया साधारण 77 लाख चौरस किलोमीटरचा, म्हणजे महाराष्ट्राच्या 25 पट. लोक मात्र 2.7 कोटींच्या आसपास, तेही बहुतेक किनाऱ्यालगतच्या शहरांत. तिथे टॉवर लावले की टक्केवारी आपोआप फुगते. जमिनीच्या हिशेबात टेल्स्ट्राचा दावा सुमारे 30 लाख चौरस किलोमीटरचा. उरलेला भाग अख्ख्या भारतापेक्षा मोठा!

त्यातही मे 2025 मध्ये व्होडाफोनने आक्षेप घेतला की, हा आकडा गाडीवर बाहेरून अँटेना लावला आहे असं धरून काढलाय. नुसत्या हातातल्या फोनसाठी तो जवळपास 10 लाखांनी कमी भरतो. म्हणून कव्हरेजचा नकाशा बघताना 'बाहेरील अँटेनासह' असं लिहिलंय का, ते आधी तपासा.

भारतातून नेलेला फोन चालेल?

टेल्स्ट्रा आणि ऑप्टस यांनी 28 ऑक्टोबर 2024 पासून 3G बंद करायला सुरुवात केली. सोबत नियम आला: जो फोन 4G वरून 000 हा तिथला आपत्कालीन नंबर लावू शकत नाही, तो कंपनीने नेटवर्कवर चालूच द्यायचा नाही. परदेशात घेतलेल्या काही फोनना याचा फटका बसतो, कारण साधा 4G कॉल लागला तरी 000 लागेलच असं नाही. टेल्स्ट्रा किंवा ऑप्टसचं सिम टाकून 3498 वर '3' असा मेसेज पाठवला की फोन चालेल की नाही ते कळतं. हे शहरात असतानाच करा.

आपल्या कंपनीची रेंज नसेल, तर 000 चा कॉल दुसऱ्या कंपनीच्या टॉवरवरून जातो. पण कुणाचाच टॉवर नसेल, तर काहीच होत नाही.

मग सॅटेलाइट आहे ना?

आहे, पण अर्धवट. जून 2025 मध्ये टेल्स्ट्राने स्टारलिंकच्या मदतीने थेट फोनवरून सॅटेलाइट मेसेज सुरू केले. इथे उपग्रहच टॉवरचं काम करतो. तो ताशी 27 हजार किलोमीटरच्या आसपास वेगाने डोक्यावरून सरकत असतो आणि फोनचा अँटेना असतो इवलासा. त्यामुळे मोकळं आकाश लागतं, मेसेज जायला वेळ लागू शकतो, आणि सेवा सुरू झाली ती फक्त टेक्स्टपुरती. मुख्य म्हणजे या मेसेजने 000 शी संपर्क होत नाही. आयफोन 14 आणि पुढच्या मॉडेलमधली सॅटेलाइट एसओएस सुविधा वेगळी. ऑस्ट्रेलियात ती मे 2023 पासून आहे.

उघड्यावर सगळीकडे साधा कॉल आणि मेसेज मिळावा, असं बंधन कंपन्यांवर घालण्याची घोषणा सरकारने फेब्रुवारी 2025 मध्ये केली. लक्ष्य आहे 2027 ची अखेर. तोवर भिस्त जुन्या साधनांवरच.

जुनी साधनं कोणती?

पहिलं, पीएलबी, म्हणजे खिशात मावणारा आपत्कालीन बीकन. बटण दाबलं की 406 मेगाहर्ट्झवर उपग्रहामार्फत बचाव केंद्राला इशारा जातो. निदान 24 तास चालतो, मासिक वर्गणी नाही, सरकारी नोंदणी फुकट. जीपीएस असलेलाच घ्या.

दुसरं, यूएचएफ सीबी रेडिओ. हायवेवरचे ट्रकवाले चॅनल 40 वर असतात, कॅरॅव्हॅनवाले 18 वर. पुढे रस्त्यावर पाणी आहे की गुरं, हे ॲपच्या आधी तिथे कळतं.

तिसरं, ऑफलाइन नकाशे. जीपीएसला नेटवर्क लागत नाही, पण ते फक्त तुम्हाला सांगतं तुम्ही कुठे आहात, घरच्यांना नाही. आणि रस्ता बंद झाल्याची बातमी डाउनलोड केलेल्या नकाशात येत नाही. ग्लेंडाम्बो ते कूबर पेडी या साधारण 250 किलोमीटरच्या पट्ट्यात पेट्रोल पंप नाही. तिथे चुकीचं वळण महागात पडतं. 2024 च्या सुरुवातीला क्वीन्सलँडच्या दुर्गम उत्तर भागात गूगल मॅप्सच्या भरवशावर बंद वाटेवर गेलेल्या दोन जर्मन पर्यटकांची गाडी चिखलात रुतली. आठवडाभर चालून ते वस्तीला पोहोचले.

म्हणून निघण्याआधी मार्ग आणि पोहोचायची वेळ कुणाला तरी कळवा, पाणी जास्तीचं घ्या, आणि गाडी बंद पडली तर गाडीपाशीच थांबा. शोधणाऱ्या विमानाला माणसापेक्षा गाडी लवकर दिसते.