‘गावठी’ : एका शब्दाची बेपर्वाई

साकेच्या आस्वादात आपले रसिक ‘जुनमाई’ आणि ‘दाइगिंजो’ यांतला भेद हौसेने सांगतात : पहिलीत वरून मद्यार्क मिसळत नाहीत, दुसरीसाठी तांदळाचा दाणा घासून निम्मा किंवा त्याहून कमी उरवतात. गोव्यातही काजूच्या पहिल्या गाळपाला ‘उर्राक’, पुढच्याला ‘फेणी’ अशी नावे आहेत. मात्र निजामपुऱ्यातल्या आम्हां सुशिक्षितांना भिवंडीच्या पाड्यांवरची मोहाची दारू सरसकट ‘गावठी’! हा शब्द चव सांगत नाही, पायरी दाखवतो. 1892 च्या कायद्याने ठाणे-कुलाब्यात मोहफुलांवरच निर्बंध घातले. त्या सरकारी नजरेचाच वारसा आपण चालवतो. बोलींचे कोश रचणाऱ्या मराठीच्या अध्यापकांनी भट्टीवरचे शब्द कधी टिपले? परक्या पेयाला परिभाषा आणि शेजाऱ्याच्या पेयाला शिवी, याला रसिकता म्हणता येणार नाही.