जीर्णोद्धार कीं लोप ?

जुन्या छायाचित्रांचा 'जीर्णोद्धार' करून देण्याचा धंदा अलीकडे गांवोगांव फोफावला आहे. फाटलेली, कसरीनें खाल्लेली, ओल लागून डागाळलेली छबी दुकानांत नेऊन द्यावी, आणि चार दिवसांनीं ती गुळगुळीत, टवटवीत, क्वचित् रंगीतहि होऊन परत यावी, हा चमत्कार पाहून कोणीहि गृहस्थ संतुष्टच होईल. आम्हीहि एके काळीं झालों होतों. परंतु या धंद्यांत एक वाईट खोड मुरलेली आहे आणि तिजविषयीं कोणी स्पष्ट बोलत नाहीं. म्हणून तें अप्रिय काम आज आम्हीं पत्करलें आहे. ती खोड म्हणजे थर मिटवून टाकण्याची.

ज्यांस या कामाची माहिती नाहीं त्यांच्यासाठीं थोडें सांगणें अवश्य आहे. संगणकावर चित्र दुरुस्त करण्याची जी आज्ञावली 'फोटोशॉप' या नांवानें सर्वांस ठाऊक आहे, तींत १९९४ सालीं, तिसऱ्या आवृत्तीबरोबर, एक मोठी सोय आली. तेव्हांपासून चित्र एकाच पृष्ठावर न रचतां, एकावर एक ठेवलेल्या पारदर्शक कांचांवर रचावें तसें निरनिराळ्या थरांवर रचतां येतें. धंद्यांतील लोक त्यांस 'लेअर' म्हणतात. तळाशीं मूळ छायाचित्र जसेंच्या तसें असावें. चरा बुजवावयाचा तो वरच्या कोऱ्या थरावर. उजेड वाढवावयाचा तो त्याच्याहि वरच्या थरावर. प्रत्येक थराशेजारीं डोळ्याचें चिन्ह असतें. तें दाबतांच तो थर दिसेनासा होतो, पुन्हां दाबतांच परत येतो. शिवाय 'मास्क' म्हणून दुसरी सोय आहे. थराचा जो भाग नको तेथें मास्कवर काळा रंग द्यावा, हवा तेथें पांढरा. काळ्यानें तो झांकतो, पांढऱ्यानें उघडतो, आणि मुळांतील एक कणहि नष्ट होत नाहीं. झांकणें आणि पुसणें हीं दोन निराळीं कर्में आहेत, हें ज्यास उमगलें त्यास या विद्येचें मर्म उमगलें असें आम्ही समजतों.

इतकी सोय असतां दुकानदार करतो काय ? काम उरकलें कीं 'फ्लॅटन' नांवाची आज्ञा देतो, सगळे थर एकांत एक मुरवितो, आणि उरलेलें सपाट चित्र 'जेपेग' प्रकारच्या फाइलींत सांठवितो, जिच्यांत थर राहूंच शकत नाहींत. पुष्कळांस तर इतकाहि धीर नसतो. ते थर न घेतां मूळ स्कॅनवरच कुंचला चालवितात आणि त्याच नांवानें फाइल सांठवून मोकळे होतात.

याचा परिणाम काय होतो तें आमच्या घरचेंच उदाहरण देऊन सांगतों. आमच्या आजींची एकुलती एक छबी होती. जत्रेंतील फिरत्या छायाचित्रकारानें काढलेली. ओलीनें तींतील चेहऱ्याची डावी बाजू गालापासून हनुवटीपर्यंत गेली होती. सुमारें पंधरा वर्षांपूर्वीं ती आम्हीं एका दुकानांत दिली. परत आली तेव्हां गाल भरलेला, हनुवटी रेखीव, नथ पूर्वीपेक्षां मोठी, आणि ओठांवर मंद स्मित. सर्वांनीं वाहवा केली. आजींची कन्या, म्हणजे आमच्या आत्याबाई, तेवढ्या म्हणाल्या, "ही आई नव्हे." म्हातारपणीं असें होतें म्हणून आम्हीं तें हंसण्यावारी नेलें. पुढें एका पावसाळ्यांत मूळ छबी ट्रंकेसकट भिजून तिचा लगदा झाला. आम्हीं दुकानाकडे धांव घेतली. तेथें तयार चित्राखेरीज कांहीं नव्हतें. आतां त्या चेहऱ्याचा किती भाग प्रकाशानें टिपलेला आणि किती भाग दुकानांतील पोऱ्यानें कल्पिलेला, हें ब्रह्मदेवासहि सांगतां येणार नाहीं. आमच्या मुलांना आजी म्हणून तीच बाई ठाऊक आहे.

यावर धंदेवाले जीं उत्तरें देतात तीं आम्हीं ऐकलीं आहेत. पहिलें उत्तर असें कीं थर राखले तर फाइल फुगते. फुगते खरी, परंतु फोटोशॉपच्या स्वतःच्या 'पीएसडी' प्रकारांत दोन गिगाबाइटपर्यंतची फाइल मावते, आणि घरगुती छबी कितीहि थर चढविले तरी त्या मर्यादेच्या आसपास सहसा जात नाहीं. आज्ञावली महाग म्हणावी, तर 'गिम्प' फुकट मिळते आणि तीहि आपल्या फाइलींत थर राखते. दुसरें उत्तर, गिऱ्हाइकास भिंतीवर टांगण्यापुरतें चित्र हवें असतें. मग त्यास सपाट प्रत खुशाल द्या ! छापखान्यासहि तीच द्या. तेथें थर, टंक वगैरे पाठविल्यास घोटाळेच होतात, हें आम्हांस मान्य आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं सपाट करावयाची ती प्रत, मूळ नव्हे.

तिसरें उत्तर अधिक चतुर आहे. ते म्हणतात, जुने स्टुडिओवाले तरी काय करीत होते ? तेहि पेन्सिल घेऊन कांचेच्या निगेटिव्हवरील सुरकुत्या बुजवीतच होते. छापलेल्या छबीवर रंगहि भरीत होते. होय, भरीत होते. परंतु ती निगेटिव्ह तिरप्या उजेडांत धरा. शिशाची रेघ न् रेघ चमकून दिसते. छबीवरचा रंग रंगासारखाच दिसतो. त्या कारागिरांनीं नकळत का होईना, पण आपला थर निराळा राखला होता. आमच्या आजच्या कारागिरास तो राखण्याची सोय हाताशीं असून तो मोडावयास सांपडतो, हें आश्चर्य नव्हे काय ?

ज्या पुण्यास पाठशुद्धीचा एवढा अभिमान, त्या पुण्यांतहि हीच तऱ्हा दिसावी याचें आम्हांस विशेष वाईट वाटतें. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरानें १९१९ सालीं आरंभिलेली महाभारताची चिकित्सित आवृत्ति १९६६ सालीं पुरी झाली. तिचें कोणतेंहि पान उघडून पाहावें. वर संहिता, खालीं कोणत्या पोथींत कोणता पाठ आहे त्याची बारीक टंकांत नोंद, आणि संपादकांस जेथें आपल्या निर्णयाची पुरती खात्री नव्हती तेथें अक्षरांखालीं एक नागमोडी रेघ. डॉ. सुकथनकर व त्यांचे सहकारी यांस एखादा अनुष्टुभ् जुळवून गाळलेली जागा भरणें कांहीं अवघड नव्हतें. त्यांनीं तें केलें नाहीं. आपला संशय त्यांनीं छापून दाखविला. ती नागमोडी रेघ म्हणजे निराळा राखलेला थरच होय. पोथीवर नवी ओळ घालून ती व्यासांचीच म्हणून खपविणाऱ्यास आपण प्रक्षेपकार म्हणतों, आणि आजीला नवी हनुवटी देणाऱ्यास मात्र कलावंत !

आतां तर या कामास यंत्रबुद्धि आली आहे. गेलेला भाग ती आपण होऊन भरून काढते. तिजवर लोकांचा फार रोष आहे, आणि मोबाइलवर क्षणार्धांत चेहरे 'सुधारून' देणाऱ्या साधनांविषयीं तो योग्यहि आहे. परंतु एक गोष्ट न्यायानें सांगितली पाहिजे. फोटोशॉपमध्यें २०२३ सालीं 'जनरेटिव्ह फिल' नांवाची जी सोय आली, ती आपली कल्पित भर मूळ चित्रांत न मिसळतां स्वतंत्र थरावर ठेवते. यंत्रास जी मर्यादा घालून दिली आहे, ती माणूस मागाहून एका आज्ञेनें पुसून टाकतो.

गिऱ्हाइकांनींहि आपला दोष ओळखावा. पैसे देतांना मूळ स्कॅन व थरांची फाइल यांची मागणी कितीजण करतात ? आम्हीं केली नव्हती. गेल्या वर्षीं आजोबांच्या छबीचें काम निघालें तेव्हां तें आमच्या पुतणीनें घरींच केलें. तळाशीं स्कॅन, त्यास कुलूप, दुसऱ्या थरावर बुजविलेले चरे, तिसऱ्यावर पाठीमागच्या पडद्यावरील डाग, चौथ्यावर उजव्या कानाची वरची कड, जी छबींत तुटलेली दिसत होती व जी तिनें डाव्या कानावरून बेतली, पांचव्यावर उजेड. चौथ्या थरास तिनें नांव दिलें होतें 'उजवा कान, अंदाज'. चित्र पुरें झाल्यावर नव्वदी ओलांडलेल्या आत्याबाईंना दाखविलें. त्यांनीं चष्मा पुसून बराच वेळ पाहिलें आणि म्हणाल्या, "अगं, अण्णांचा कान असा नव्हता. लहानपणीं भिकबाळी ओढली जाऊन फाटला होता तो." पुतणीनें चौथ्या थराचा डोळा मिटला.