पावती मागायची कोणी?

मागच्या आठवड्यातली गोष्ट. सकाळची पॅसेंजर दोन तास लेट. फलाटावर मजूर, कॉलेजची पोरं, दवाखान्यात निघालेली म्हातारी माणसं, सगळे ताटकळलेले. तेवढ्यात एक एक्स्प्रेस लागली आणि निम्मी गर्दी तिच्यात चढली. खिशात पॅसेंजरचं तिकीट, बसले एक्स्प्रेसमध्ये. आपल्या भागात हे रोजचंच आहे.

मीही त्याच जनरल डब्यात होतो. (तिकीट एक्स्प्रेसचंच होतं, आधीच सांगून ठेवतो, नाहीतर कमेंटमध्ये विचाराल.) पुढच्या स्टेशननंतर टीसी आला. माझ्या समोर पन्नाशीतलं एक जोडपं होतं, कामाला निघालेलं. टीसीने तिकीट पाहिलं. "हे पॅसेंजरचं आहे. दोघांचे मिळून साडेपाचशेच्या आसपास होतील." बाईचा चेहरा उतरला. दोन मिनिटं तसाच उभा राहून टीसी हळू आवाजात म्हणाला, "दोनशे द्या, बसा."

बाईने लुगड्याच्या गाठीतून नोटा काढल्या. त्या त्याच्या खिशात गेल्या. पावती नाही.

मी म्हटलं, "साहेब, पावती?" त्याने माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही कोण?" म्हटलं, पत्रकार. तो काही बोलायच्या आत समोरच्या माणसानेच हात जोडले. "राहू द्या ना भाऊ. पावती कराले लावसान त साडेपाचशे जातीन. कुठून आणू?"

मी गप्प बसलो. टीसी हसून पुढे गेला. माझं तिकीट त्याने पाहिलंसुद्धा नाही.

वीस वर्षं बातम्या लिहितोय, पण त्या दिवशी काय करायला हवं होतं ते मला तिथं सुचलं नाही. घरी येऊन कायदा उघडला, तेव्हा जे सापडलं त्याने जास्त राग आला. म्हणून ही पोस्ट.

रेल्वे कायदा १९८९. कलम १३८ प्रमाणे विनातिकीट किंवा कमी दर्जाच्या तिकिटावर प्रवास केला तर भाडं किंवा भाड्यातला फरक द्यावा लागतो. वर दंड, म्हणजे तेवढीच रक्कम किंवा २५० रुपये, यातलं जे जास्त असेल ते. दोघांचे पाचशे दंडाचे आणि वर फरकाचे थोडे. म्हणजे टीसीने सांगितलेला आकडा खोटा नव्हता.

पण त्याच कायद्यात कलम ५५ आहे. तिकीट नसेल किंवा अपुरं असेल, तर रेल्वेने त्यासाठी नेमलेल्या कर्मचाऱ्याला आधी सांगून, नंतर पैसे भरण्याच्या अटीवर प्रवासाची परवानगी घेता येते. त्याचा दाखला मिळतो. तो दाखला जवळ असेल तर दंड लागत नाही, फक्त भाड्यातला फरक लागतो. कलम १३८ मध्येच ही सूट लिहिलेली आहे. म्हणजे त्या जोडप्याला गाडीत चढण्याआधी कोणी एवढं सांगितलं असतं, तर पन्नासेक रुपयांत काम झालं असतं. पावतीसकट.

हे आपल्या गावात किती जणांना माहीत आहे? मला नव्हतं. टीसीला माहीत असतं, कारण ते त्याचं कामच आहे. पॅसेंजर दोन तास लेट असताना स्टेशनवर एक घोषणा करायला काय लागतं? पण ती कोणी करत नाही. दंडाची भीती जितकी मोठी, तितकी चिरीमिरी सोपी. माझ्या मते खरी चोरी इथंच सुरू होते. दोनशे रुपये त्यानंतर जातात.

आता स्लीपरकडे या. तिथं याच धंद्याला "ॲडजस्ट करणं" म्हणतात. रिकामा बर्थ आधी आरएसीवाल्याला, मग वेटिंगवाल्याला द्यायचा, असा नियम आहे. प्रत्यक्षात काय होतं ते रात्रीच्या गाडीने जाणाऱ्याला विचारा. पूर्ण पैसे भरलेले दोन आरएसीवाले साइड लोअरवर गुडघे पोटाशी घेऊन बसलेले, आणि मधल्या स्टेशनवर चढलेला गडी तीनशेची नोट सरकवून वर झोपलेला. पैसे देणारा खूश, घेणारा खूश. नुकसान कोणाचं? त्या दोघांचं आणि रेल्वेचं. म्हणून तक्रार होत नाही. ज्याच्या हक्काचा बर्थ गेला त्याला ते कळतच नाही.

आणि आपण साव नाही. "टीसी ओळखीचा आहे, जाऊ सेटिंग करून" हे वाक्य आपल्या लग्नकार्यात किती वेळा ऐकतो? मीसुद्धा ऐन उमेदीत प्रेसचं कार्ड दाखवून बर्थ मिळवलेत. त्या रात्री कोणाचा तरी आरएसी मी खाल्ला असेल. २०१८ च्या दुरुस्तीनंतर भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात लाच देणारासुद्धा गुन्हेगार आहे. बळजबरीने द्यावी लागली असेल तर सात दिवसांच्या आत तक्रार केली की तो सुटतो. हे सात दिवस लक्षात ठेवा.

पण "सगळे टीसी चोर" असं कोणी म्हणेल तर त्याला मी एक प्रकरण सांगेन. ३१ मे १९८८, दादर-नागपूर एक्स्प्रेस. दक्षता पथकाने एका तिकीट तपासनिसाला धरलं. तीन प्रवाशांकडून मिळून ५० रुपये घेतले, जवळ १,२५४ रुपये जास्तीचे सापडले, १८ रुपयांचा फरक वसूल केला नाही, असे आरोप. १९९६ मध्ये बडतर्फ केलं. २००२ मध्ये न्यायाधिकरणाने बडतर्फी रद्द केली. रेल्वे उच्च न्यायालयात गेली आणि २०१७ मध्ये तिथं जिंकली. शेवटी २७ ऑक्टोबर २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की आरोप सिद्धच झाले नव्हते, वारसांना पेन्शन आणि इतर लाभ द्या. वारसांना, कारण तोवर तो माणूस गेला होता. ३७ वर्षं!

आता मला सांगा, या व्यवस्थेला काय म्हणायचं? एका बाजूला रोज राजरोस नोटा खिशात जातात आणि कोणी विचारत नाही. दुसऱ्या बाजूला एकाला धरलं, तर तो दोषी नव्हता हे ठरायला एक आयुष्य जातं. म्हणून प्रामाणिक टीसीलासुद्धा पावतीचीच गरज आहे. प्रत्येक रुपयाची नोंद असली तर चोर सापडतो आणि साव वाचतो.

काही गाड्यांत टीसीकडे हातातलं मशीन आलंय. ते प्रत्येक गाडीत, प्रत्येक टीसीकडे असायला हवं, पैसे थेट रेल्वेच्या खात्यात जायला हवेत. पॅसेंजर लेट झाली की कलम ५५ ची घोषणा व्हायला हवी, आणि तिकीट खिडकीजवळ मराठीत मोठा फलक लागायला हवा. या दोन मागण्यांचं निवेदन मी येत्या सोमवारी स्टेशन मास्तरांकडे देणार आहे. प्रवासी मंडळींपैकी ज्यांना यायचं असेल त्यांनी अकरा वाजता स्टेशनवर या. फोटोसाठी येऊ नका, सहीसाठी या.

आणि आपलं काम? चढण्याआधी सांगा. पैसे दिले की पावती मागा. नाही दिली तर गाडी नंबर, डबा, वेळ लिहून घ्या आणि १३९ वर फोन करा.

त्या माणसाने हात जोडले तेव्हा मला कलम ५५ माहीत असतं, तर मी गप्प बसलो नसतो. आता मला माहीत आहे. तुम्हालाही झालंय. पॅसेंजरने जाणाऱ्या एका तरी माणसाला सांगा.