घर घेताना काय तपासावे?

जालन्याची २०२३ साली महानगरपालिका झाली. भोवतीच्या काळ्या रानांत प्लॉट पडतच आहेत. बँकेत असताना वकिलाचा तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट नसेल, तर मी कर्जाच्या फायलीवर सही करत नसे. तो खर्च वाचवू नयेच. पण कागद पायाविषयी मुके असतात. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. पाया उथळ असला की खिडकीच्या कोपऱ्यातून तिरकी भेग निघते. नवा रंग ती झाकतो. अभियंत्याला फी द्यावी ती यासाठी. नळ, फरश्या आपल्यालाही दिसतात. पाण्याची तपासणी तर फुकट होते. आम्ही एक घर जवळजवळ ठरवले होते. सौ.ने शेजारणीला विचारले, "२०१३च्या दुष्काळात तुमचा बोअर चालू होता का हो?" बाई नुसत्या हसल्या. आमचा इसार वाचला.