पनवेलकर बायांनो, चौथ्या गटातून बाहेर पडा!

पनवेल तालुक्यातल्या तिशी ओलांडलेल्या प्रत्येक बाईला हे आवाहन आहे. तुम्ही जुन्या पनवेलात राहत असा की कामोठ्याच्या सोसायटीत, तळोजा एमआयडीसीत कामाला जात असा की कर्नाळ्याच्या बाजूच्या वाडीवर राहत असा, हे तुमच्यासाठीच आहे.

गर्भाशयमुखाचा, म्हणजे आपण बोलतो तसा पिशवीच्या तोंडाचा कॅन्सर. २०२२ या एका वर्षात त्याने भारतातल्या सुमारे ८० हजार बायका नेल्या, असा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेचा अंदाज आहे. सात मिनिटंही पुरी होत नाहीत, तोवर एक. पनवेलहून सुटलेली लोकल सीएसएमटीला पोचेपर्यंत दहाहून जास्त.

यातले बहुतेक मृत्यू टळले असते. एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे हा आजार होतो. शरीरसंबंधातून तो कधी ना कधी बहुतेकांना लागतो आणि बहुतेकींच्या अंगातून दोनेक वर्षांत आपोआप निघूनही जातो. काहींच्या बाबतीत मात्र तो ठाण मांडतो. मग पेशी बदलू लागतात आणि कॅन्सर व्हायला साधारण १० ते २० वर्षं लागतात. एवढ्या काळात काही दुखत नाही की खुपत नाही. पण तपासणीत ते कळतं. तेव्हाच कळलं, तर बिघडलेला तेवढाच भाग गोठवून किंवा उष्णता देऊन नष्ट करता येतो. बहुतेक जणी त्याच दिवशी घरी जातात, पिशवी काढावी लागत नाही.

याचा पुरावा आपल्याच महाराष्ट्राच्या बायकांनी जगाला दिला. १९९९ साली तेव्हाच्या उस्मानाबाद, आताच्या धाराशिव जिल्ह्यात टाटा स्मारक रुग्णालय, बार्शीचं नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आणि जागतिक आरोग्य संघटनेची फ्रान्समधली तीच कर्करोग संशोधन संस्था यांनी एक मोठा अभ्यास सुरू केला. ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजारांवर बायकांचे गावांनुसार, चिठ्ठ्या काढाव्यात तसे, चार गट केले. तीन गटांत तीन वेगवेगळ्या तपासण्या झाल्या. चौथा गट नेहमीच्या व्यवस्थेवर सोडला. आठ वर्षांनी आकडे आले. आयुष्यात एकदाच एचपीव्ही चाचणी झालेल्या गटात ३४ जणी या आजाराने गेल्या होत्या, तर चौथ्या गटात ६४.

मुंबईच्या झोपडपट्ट्यांत टाटानेच सुमारे दीड लाख बायकांवर दुसरा अभ्यास केला. तिथे डॉक्टर नव्हे, तर चार आठवडे शिकवून तयार केलेल्या आरोग्यसेविका तपासत होत्या. साधन होतं पातळ ॲसिटिक ॲसिड, म्हणजे व्हिनेगरमधलंच आम्ल, आणि चांगला उजेड. दर दोन वर्षांनी तपासणी झाली आणि मृत्यू ३१ टक्क्यांनी घटले.

आणि आपण? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या ३० ते ४९ वयाच्या १०० बायकांमागे दोघींचीही ही तपासणी कधी झालेली नाही. म्हणजे कुणीही चिठ्ठी न काढता आपण जवळजवळ सगळ्याच जणी त्या चौथ्या गटात बसलो आहोत. खारघरला, याच तालुक्यात, टाटाचं ॲक्ट्रेक हे कर्करोग केंद्र उभं आहे. तिथवर रुग्ण म्हणून जाण्याची वेळ येऊच नये, यासाठी ही सगळी धडपड.

तपासणीत काय असतं, ते नीट ऐका. चिरफाड नाही, भूल नाही, सुई नाही. व्हीआयए तपासणीत पिशवीच्या तोंडाला ॲसिटिक ॲसिड लावून मिनिटभर थांबतात. बिघडलेला भाग पांढरा दिसतो. पॅप तपासणीत मऊ ब्रशने थोड्या पेशी घेतात. एचपीव्ही चाचणीचा नमुना तर बाई स्वतःच, पडद्याआड, कापसाच्या काडीने घेऊ शकते. जागतिक आरोग्य संघटनेचीही त्याला संमती आहे. ज्यांना टेबलावर झोपायचीच लाज वाटते, त्यांच्यासाठी तर ही मोठीच सोय.

सरकारी कार्यक्रमात ३० ते ६५ वयाच्या बायकांसाठी दर पाच वर्षांनी व्हीआयए आहे. तेव्हा आशाताईंना, जवळच्या आरोग्य केंद्रात किंवा उपजिल्हा रुग्णालयात स्पष्ट विचारा, "तपासणी कोणत्या दिवशी असते?" एचपीव्ही चाचणीसाठी स्त्रीरोगतज्ज्ञांना विचारा. ती निदान ३५ व्या आणि ४५ व्या वर्षी व्हायलाच हवी. पाळी चालू असताना जाऊ नका. रिपोर्ट आणायला मात्र विसरू नका. न आणलेला रिपोर्ट म्हणजे न केलेली तपासणी.

रिपोर्टमध्ये एचपीव्ही आढळला तर तो कॅन्सर नव्हे, पुढची तपासणी हवी एवढंच. त्यावरून नवऱ्याच्या किंवा बायकोच्या चारित्र्यावर बोट ठेवू नका. हा विषाणू अंगात वर्षानुवर्षं गुपचूप राहू शकतो.

पण संबंधानंतर रक्त जात असेल, पाळी गेल्यावर पुन्हा लाल दिसत असेल, अंगावरून वास येणारं पाणी जात असेल, तर शिबिराची वाट पाहू नका. उद्याच डॉक्टर गाठा.

घरातल्या पुरुषांनो, एक सकाळ डबा आणि पोरं तुम्ही सांभाळा. तळोज्याच्या कारखानदारांनो, कामगार बायकांना त्या दिवसाची भरपगारी सुट्टी द्या. बचत गटांनो, पुढच्या बैठकीत हप्त्याबरोबर हाही विषय घ्या आणि तिशीपुढच्या सदस्यांची यादी करा. सोसायट्यांनो, दांडियाला मंडप घालता, तसा एक दिवस सभागृह तपासणीसाठी उघडा. मात्र पुढच्या उपचाराची सोय आधी ठरवा, मगच शिबिराचा फलक लावा. घरात ९ ते १४ वर्षांची मुलगी असेल, तर एचपीव्ही लशीबद्दल डॉक्टरांशी बोला. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटने ही लस आपल्याकडेच बनवली आहे. लस घेतलेल्या मुलीलाही पुढे तपासणी लागेलच.

तेव्हा ताई, काकू, वहिनी, "मला काय झालंय?" म्हणू नका. काही झालेलं नाही, म्हणूनच आता जायचं. या आठवड्यातच दिवस ठरवा आणि एकट्या जाऊ नका. जावेला, शेजारणीला, कामावरच्या मैत्रिणीला बरोबर घ्या.