विलास घोगरे यांची वाटणी करू नका

शाहीर विलास घोगरे यांनी १५ जुलै १९९७ रोजी मुंबईत, मुलुंडच्या आपल्या झोपडीत जीवन संपवले. त्याच्या चार दिवस आधी, ११ जुलैच्या सकाळी, घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्याला चपलांचा हार घातलेला लोकांनी पाहिला. माणसे रस्त्यावर आली. राज्य राखीव पोलिस दलाने गोळीबार केला आणि दहा जण मारले गेले. वर्षानुवर्षे लाल झेंड्याखाली गायलेल्या या शाहिराने जाताना डोक्याला निळी पट्टी बांधली होती. त्या पट्टीवरून सुरू झालेला वाद अजून मिटलेला नाही.

हा वाद मुंबईचा आहे, आपला नाही, असे छत्रपती संभाजीनगरच्या गारखेड्यात राहणाऱ्याला म्हणता येणार नाही. आज इथे उंच इमारती आहेत, शिकवणीचे वर्ग आहेत, विभागीय क्रीडा संकुल आहे. पण सूतगिरणी चौकाचे नाव अजून सूतगिरणीचेच आहे. दर १४ जानेवारीला याच रस्त्यांवरून तरुणांचे जथे मराठवाडा विद्यापीठाच्या गेटकडे निघतात. कामगार संघटनेत आयुष्य घालवलेली माणसे आणि त्या विद्यापीठाच्या नामांतरासाठी तुरुंगात गेलेली माणसे इथे शेजारी शेजारी राहतात, अनेकदा एकाच घरात. घोगरे यांचे नाव निघाले की यातला एक म्हणतो, तो शेवटी भावनेत वाहून गेला. दुसरा म्हणतो, तो शेवटी घरी परतला. मला ही दोन्ही मते खोडायची आहेत. तिसरे एक मत आहे, तेही खोडायचे आहे, आणि ते या दोन्हींपेक्षा जास्त घातक आहे.

आधी डाव्या मित्रांचे म्हणणे घेऊ. वर्गजाणीव असलेला कलावंत पुतळ्याच्या विटंबनेने इतका कोसळतो, म्हणजे त्याची जाणीव कच्ची होती; अस्मितेने वर्गावर मात केली; असा त्यांचा युक्तिवाद असतो. त्यांना मला त्यांच्याच चळवळीचा इतिहास दाखवायचा आहे. मुंबईच्या कापड गिरण्यांत विणकाम खात्यात मजुरी बरी मिळत असे, आणि तिथेच अस्पृश्य कामगारांना मज्जाव होता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे, आणि महाराने तोंड लावलेल्या धोट्याला सवर्ण कामगार तोंड लावायला तयार नव्हते. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कम्युनिस्ट पुढाऱ्यांसमोर मांडला. कामगारांची एकजूट म्हणायची आणि धोट्याशी ती थांबायची, ही विसंगती त्यांनी दाखवली होती. ती दाखवणाऱ्याला अस्मितेत अडकलेला म्हणणे म्हणजे दुखणे सांगणाऱ्यालाच आजारी ठरवणे. रमाबाई नगरात मेलेले लोक कष्टकरी होते. त्यांच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या त्या मात्र त्यांनी संप केला म्हणून नव्हे. त्यांच्या वस्तीत, त्यांच्या दैवताच्या अपमानावर ते बोलले म्हणून. हे ज्याला वर्गाच्या भाषेत बसवता येत नाही, त्याने आपली भाषा तपासावी. घोगरे यांची जाणीव कच्ची होती असे मला वाटत नाही. आपल्या सोबत्यांना जे दिसत नव्हते ते त्यांना दिसले.

आणखी एक गोष्ट डाव्यांनी विसरू नये. ज्या आव्हान नाट्य मंचासाठी घोगरे गायले, त्या गोटातून त्यांना शिस्तीच्या कारणाने दूर करण्यात आले होते. संघटनेला शिस्त लागते, हे मला मान्य आहे. पण वस्तीत राहून, मजुरीची चिंता डोक्यावर घेऊन, रात्री चौकात गाणाऱ्या शाहिराला कार्यकर्त्याच्या मापाने मोजणे चूक आहे. पत्रक काढणारा माणूस बदलता येतो. आवाज बदलता येत नाही. ज्यांनी त्यांना दूर केले, त्यांच्यापैकी काहींना त्याचा सल राहिला. तो प्रामाणिक होता असे मी मानतो. तरीही चूक ती चूकच.

आता निळ्या झेंड्याखालच्या मित्रांकडे वळतो. त्यांच्याशी वाद घालणे मला जास्त अवघड जाते, कारण माझे मन तिकडेच आहे. त्यांचे म्हणणे असे की कम्युनिस्टांनी घोगरे यांना वापरले, टाकले, आणि अखेरच्या क्षणी त्यांनी बाबासाहेबांची वाट धरली. तेव्हा आधीचे सगळे म्हणजे भरकटणे होते. एका पट्टीने आयुष्यभराची गाणी पुसायची, हा कोणता न्याय? आनंद पटवर्धन यांच्या ‘हमारा शहर’ या १९८५ च्या चित्रपटात घोगरे गाताना दिसतात. तो काळ आठवा. १९८१ मध्ये फूटपाथवरच्या माणसांना पावसाळ्यात उचलून शहराबाहेर टाकले गेले. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झालेल्या गिरणी संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले आणि बहुतेकांचे काम कायमचे गेले. जुलै १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उपजीविकेचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो असे म्हटले, पण फूटपाथवरच्या झोपड्या हटवायला मनाई केली नाही. या सगळ्यात ज्यांची घरे मोडली त्यांत महार होते, मातंग होते, मुसलमान होते, उत्तर प्रदेशातून आलेले भय्ये होते, तमिळ होते. घोगरे तिथे हिंदीत गायले. मराठी शाहिराने हिंदी उचलली, कारण समोर बसलेल्यांची ती सामाईक भाषा होती. कथेकऱ्याच्या पद्धतीने ते मजुराची हकीकत लावतात, ओळ सावकाश सोडतात, आणि ऐकणाऱ्याला ती दुसऱ्या कुणाची वाटतच नाही. हे भरकटणे असेल तर आंबेडकरी जलशांची सगळी परंपराच भरकटलेली म्हणावी लागेल. त्या जलशांनीही लोकांना त्यांच्याच चालीत, त्यांच्याच ओट्यावर गाठले होते.

बाबासाहेबांचाच दाखला घ्या. फेब्रुवारी १९३८ मध्ये मनमाडला रेल्वेच्या दलित कामगारांसमोर बोलताना त्यांनी दोन शत्रू सांगितले: ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही. मनमाड आमच्या शहराहून रेल्वेने काही तासांवर आहे, पण ते भाषण आमच्या जयंतीच्या व्यासपीठांवर मी क्वचितच ऐकतो. त्याच वर्षी जानेवारीत खोतीविरुद्ध कोकणातल्या शेतकऱ्यांचा मोर्चा विधिमंडळावर गेला आणि नोव्हेंबरात कामगार विधेयकाविरुद्ध संप झाला. दोन्हींत स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट बरोबर होते. पुढे वाटा वेगळ्या झाल्या, कडवट झाल्या, आणि बाबासाहेबांनी मार्क्सवादावर केलेली टीका कुणी सौम्य करून सांगू नये. पण दोन शत्रू ओळखणाऱ्याला एकाच रंगात रंगवणे हे त्यांच्या विचाराशीच बेइमानी करणारे आहे.

अण्णा भाऊ साठे यांचे काय करायचे? १९४४ मध्ये अमर शेख आणि गव्हाणकरांबरोबर लाल बावटा कलापथक उभे करणारा हा माणूस. भीमरावांच्या सांगण्यावर जग बदलायला निघालेले गाणेही त्यांचेच, आणि ते आज गारखेड्याच्या प्रत्येक जयंतीत वाजते. १९५८ मध्ये मुंबईत भरलेल्या पहिल्या दलित साहित्य संमेलनाचे उद्घाटन करताना पृथ्वी शेषाच्या मस्तकावर तरलेली नाही, ती दलितांच्या आणि कामगारांच्या तळहातावर तरली आहे, असे ते म्हणाले. दलित आणि कामगार हे दोन शब्द त्यांनी एका श्वासात उच्चारले. अण्णा भाऊंना आपण दोन्हीकडे मान देतो, कारण ते आता पुतळ्यात आहेत. घोगरे यांच्याकडून मात्र पावती मागतो, कुठल्या खात्यात जमा करू म्हणून.

आयर्लंडची गायिका शिनेड ओकॉनर हिचे याच प्रकारे झाले. ३ ऑक्टोबर १९९२ रोजी अमेरिकेच्या दूरचित्रवाणीवर थेट प्रक्षेपणात तिने पोप जॉन पॉल दुसरे यांचे छायाचित्र फाडले. चर्चच्या छत्राखाली मुलांवर होणाऱ्या अत्याचाराविरुद्ध तो तिचा निषेध होता, आणि ते छायाचित्र तिच्या आईच्या भिंतीवरचे होते. दोन आठवड्यांनी न्यूयॉर्कच्या भर सभागृहात तिची हुर्यो उडवली गेली. २००९ मध्ये आयर्लंडच्याच चौकशी आयोगाने चर्चच्या संस्थांमधल्या मुलांचे हाल जगासमोर मांडले, तेव्हा ती बरोबर होती हे लोकांना कळले. मधल्या काळात ती एका फुटीर कॅथलिक पंथाची धर्मोपदेशक झाली होती, पुढे २०१८ मध्ये तिने इस्लाम स्वीकारला, कधी टोकाचे बोलली, स्वतःचे शब्द मागेही घेतले. २६ जुलै २०२३ ला ती गेली आणि अंत्ययात्रेला राष्ट्राध्यक्ष हजर राहिले. मग प्रत्येकाने तिचा आपल्याला सोयीचा तुकडा उचलला: कुणी फाडलेले छायाचित्र, कुणी हिजाब, कुणी फक्त प्रेमगीत. मला तिच्यात जे दिसते ते असे की ती अन्यायाच्या बाबतीत एकाच जागी उभी होती आणि निवाऱ्याच्या शोधात सारखी जागा बदलत होती. घोगरे यांचेही मला असेच वाटते. झेंडा बदलला तो आसऱ्यासाठी. गाण्यातला माणूस पहिल्यापासून शेवटपर्यंत तोच राहिला.

तिसऱ्या मताविषयी मी सर्वात कठोर आहे. हे मत म्हणते, घोगरे यांचे खरे गाणे म्हणजे त्यांचा मृत्यू. ते शहीद झाले. जे गाण्याने जमले नाही ते मरणाने साधले.

हे मला मुळीच मान्य नाही. आम्ही मराठवाड्यातले लोक हुतात्म्यांच्या नावांवर वाढलो आहोत. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळाने विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव केला, आणि त्यानंतर इथल्या गावागावांत बौद्ध वस्त्या जाळल्या गेल्या, पोचीराम कांबळे यांच्यासारख्यांना ठार मारले गेले. नोव्हेंबर १९९३ मध्ये नांदेडला गौतम वाघमारे यांनी स्वतःला जाळून घेतले. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. या नावांपुढे मी दर वर्षी मान झुकवतो. पण मारले जाणे आणि स्वतःला संपवणे या दोन गोष्टी आपण एका यादीत इतक्या सहज लिहितो, की एखाद्या अठरा वर्षांच्या पोराला वाटावे, आपल्या जगण्याला कुणी विचारत नाही, मरणाला तरी विचारतील. या पोरांना वाढवणाऱ्या आपल्यासारख्यांनी असे वाटू देणे हा गुन्हा आहे. घोगरे यांचे मरण हा आपला पराभव होता. ज्या माणसाचा आवाज शेकडो लोकांना उभे करत होता, त्याच्याजवळ त्या चार दिवसांत बसायला कुणी नव्हते, किंवा बसलेल्यांना त्याची अवस्था ओळखता आली नाही. या गोष्टीला शौर्याचे नाव देऊन झाकू नका.

मरणाने साधले काय, हेही पाहा. गोळीबाराच्या चौकशीसाठी न्यायमूर्ती गुंडेवार आयोग नेमला गेला आणि त्याने गोळीबार करवणाऱ्या अधिकाऱ्याला दोषी धरले. खटल्याचा निकाल २००९ मध्ये लागला, जन्मठेप झाली, आणि लवकरच त्या अधिकाऱ्याला उच्च न्यायालयातून जामीन मिळाला. जे थोडेफार मिळाले ते वस्तीतल्या साक्षीदारांनी बारा वर्षे तारखांना हजर राहून मिळवले. टँकर पेटवले जाणार होते म्हणून गोळ्या झाडाव्या लागल्या, हा पोलिसांचा दावा जिवंत राहिलेल्यांनी, टँकर कुठे होते आणि माणसे कुठे पडली हे सांगून, खोडला. पटवर्धन यांनी घोगरे यांच्या मृत्यूपासून सुरुवात करून चौदा वर्षे काम केले आणि ‘जय भीम कॉम्रेड’ हा चित्रपट २०११ मध्ये पुरा केला. त्यातही मला जे दिसते ते मागे राहिलेल्यांचे गाणे: वस्तीतल्या बायका, जलशातले म्हातारे, आणि पुण्याच्या कबीर कला मंचाची पोरे. त्या मंचाच्या शीतल साठे एप्रिल २०१३ मध्ये विधान भवनासमोर गात गात पोलिसांच्या स्वाधीन झाल्या. त्या गरोदर होत्या. जून महिन्यात उच्च न्यायालयाने जामीन दिला, त्या बाहेर आल्या आणि पुन्हा गाऊ लागल्या. त्यांच्या गाण्यात बाबासाहेबही आहेत आणि कामगारही. घोगरे यांचा वारसा कुठे आहे असे मला कुणी विचारले तर मी तिकडे बोट दाखवीन.

या वारशात दोष नाहीत असे मी म्हणत नाही. प्रचाराच्या घाईत या परंपरेतली काही गाणी घोषणेपाशीच थांबतात. दारू, घरातली मारहाण, बाईचे कष्ट यांवर लाल शाहिरांनी जितके गायला हवे होते तितके गायले नाही. त्या बाबतीत वामनदादा कर्डक यांच्यासारखे आंबेडकरी शाहीर वस्तीच्या जास्त जवळ पोचले होते. आणि शिस्त व अभिमान या दोन्हींच्या नावाखाली कलावंताला एकटे पाडण्याची खोड दोन्ही झेंड्यांना सारखीच आहे. एवढे मान्य करूनही घोगरे यांचे मोठेपण कमी होत नाही. उलट ते नेमके कशात होते हे कळते: दोन चळवळींनी एकमेकींना ऐकवायचे टाळलेले त्यांनी एकाच गळ्यातून ऐकवले.

आमच्या गारखेड्यात एप्रिल आला की मंडळांची वर्गणी जमते आणि तिचा मोठा वाटा डीजेच्या भाड्यात जातो. भिंती हादरतात, शब्द ऐकू येत नाहीत. मला जयंतीतला आनंद कमी करायचा नाही. नाचणाऱ्या पोरांचा तो हक्क आहे, त्यांच्या आजोबांना तो नव्हता. माझे मागणे एवढेच आहे की एक संध्याकाळ शाहिराला द्या. विद्यापीठाच्या नाट्यशास्त्र विभागातल्या मुलांना बोलवा, त्यांच्याकडून घोगरे यांची गाणी बसवून घ्या, सूतगिरणी चौकात डफावर म्हणवून घ्या. लाल झेंडा लावायचा की निळा यावर मंडळात भांडण झाले तर होऊ द्या, त्या भांडणातही काही जुने बोलणे निघेल. आणि गाणाऱ्याला डीजेवाल्याइतके मानधन द्या, कार्यक्रम संपल्यावर त्याला घरापर्यंत सोडा, आणि पुढच्या महिन्यातही एकदा त्याच्या दारात जाऊन तो कसा आहे ते विचारा.